काठी आणि काटा

फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पेट्रोल किती उरलंय हे बघायचं तर पुढे बसलेल्यांना आधी खाली उतरावं लागे. टाकी सीटखाली असायची. गादी उचलायची, झाकण फिरवून काढायचं, लाकडाची पट्टी सरळ आत सोडायची, तळाला टेकली की वर घ्यायची आणि ओल कुठवर चढलीय ते उजेडाकडे धरून वाचायचं. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या बनल्या आणि कारखान्यातून निघताना त्यांच्यात पेट्रोल दाखवणारा काटा नसे. त्यामुळे किती उरलंय हे चालवणाऱ्याचं एकट्याचं गुपित राहत नसे. सगळे उतरलेले, सगळे वाकून बघताहेत, एकजण पट्टी धरून उभा. मला हे चित्र फार आवडतं. उरलेल्याची मोजदाद चारचौघांत, उघड्यावर होत होती.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक जीप उभी असते. विलीज कंपनीची, डिस्पोजलची. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचं जे सामान इथेच विकलं गेलं, त्यातल्या गाड्यांना लोक डिस्पोजलच्या गाड्या म्हणत, आणि रायपूरच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द अजून आहे. ही जीप आमच्या मोठ्या काकांची. हिचीही टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली आहे. पंधरा अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ५७ लिटरची. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं उठायलाच हवं. पण समोरच्या पत्र्यावर काटाही आहे. काठी आणि काटा दोन्ही एकाच गाडीत असल्यामुळे एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढता येते. गेली कित्येक वर्षं हा उद्योग मी मनापासून करत आलो आहे.

काकांचं काम बस्तरकडे असे. रायपूर सोडलं की धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव आणि मग जगदलपूर. तीनशे किलोमीटरची वाट. भरल्या जीपला एक टाकी जेमतेम पुरे. मध्ये पेट्रोल मिळेलच याचा भरवसा नसे, म्हणून मागे एक जेरीकॅन बांधलेला आणि सीटशेजारी सागाची काठी. काठीवर चाकूनं पाडलेल्या खाचा आहेत. त्या सारख्या अंतरावर नाहीत. खाली लांब लांब, वर जवळ जवळ. काकांनी एकेक माप ओतून, प्रत्येक वेळी काठी बुडवून, ओल जिथे थांबली तिथेच खाच पाडली होती. आमच्या जीपच्या टाकीचा तळ निमुळता आहे. तिथे थोडंसं पेट्रोलही उंच चढतं, म्हणून खालच्या खाचा दूर दूर. ती काठी त्या एका टाकीचीच आहे. दुसऱ्या टाकीत घातली तर ती खोटं बोलेल.

यात सगळ्या मोजणीचं मूळ आहे. काठी उंची मोजते आणि आपल्याला हवं असतं ते आकारमान. टाकी चौकोनी, सरळ भिंतींची असेल तर दोन्ही एकच. पण आडव्या गोल नळकांड्याची टाकी घ्या. निम्म्या उंचीला ती बरोबर निम्मी भरलेली असते, तिथे काही तक्रार नाही. पाव उंचीला मात्र तिच्यात पाव नसतं, साडेएकोणीस टक्के असतं. उंचीचा दहावा हिस्सा ओला झाला तर आत जेमतेम पाच टक्के. चाळीस लिटरच्या टाकीत समान खाचांची काठी म्हणेल चार लिटर आहेत आणि असतील दोन. म्हणजे टाकी तळाला गेलेली असते, गाव लांब असतं, तेव्हाच ही सरळ काठी सर्वांत जास्त फसवते. पेट्रोल पंपांवर जमिनीखालच्या आडव्या टाक्यांची ‘डिप’ घेतात, तिथे काठीच्या जोडीला तक्ता असतो तो यासाठीच. इतके सेंटिमीटर म्हणजे इतके लिटर, हे प्रत्येक टाकीचं वेगळं लिहिलेलं. पंपावरचा जुना माणूस रॉडच्या टोकाला एक लेपही लावतो. तळाला पाणी साचलं असेल तर लेपाचा रंग बदलतो. त्या उंचीत पेट्रोल किती आणि पाणी किती, हेही वेगळं काढावं लागतं.

रायपूरच्या उन्हाळ्यात काठी वाचणं ही घाईची गोष्ट आहे. वैशाखात दुपारी काठी बाहेर काढली की पेट्रोल लाकडावरून बघता बघता उडून जातं. रेघ आहे म्हणेपर्यंत रेघ नाहीशी. म्हणून मौदहापाऱ्यातले आमचे मिस्त्री काठीला आधी खडू घासतात. खडूवर ओल गडद उमटते आणि क्षणभर जास्त टिकते. या मिस्त्रींचं सगळं आयुष्य जुन्या गाड्यांखाली गेलेलं. त्यांनी पहिल्यांदा जीपचा काटा बघितला आणि म्हणाले, “काँटा ला झन पतियाहू, डंडी ला पूछव.” काट्यावर विश्वास टाकू नका, काठीला विचारा. मी त्यांचं ऐकलं, पण माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. काटा चुकतो हे कळून पुरत नाही. तो कुठे चुकतो, किती चुकतो, आणि दर वेळी तसाच चुकतो का, हे कळलं पाहिजे. एकाच रीतीनं चुकणारा काटा उत्तम साथ देतो. रोज नव्या रीतीनं चुकणारा काटा कधीमधी बरोबर निघाला तरी कामाचा नाही.

तपासणी आम्ही अंगणात, सकाळच्या उजेडात करतो. जागा सपाट हवी, ती पाण्याच्या लेव्हलनं बघून घ्यायची. शेजारी वाळूची बादली. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून सगळं पेट्रोल बाहेर घ्यायचं. मग पाच लिटरचं माप. पेट्रोल पंपावर ठेवलेलं असतं तसंच, निमुळत्या गळ्याचं, गळ्यावर रेघा असलेलं, नापतौल विभागाचा शिक्का असलेलं. हे माप आधी ओलं करून घ्यावं लागतं. कोरडं माप पहिल्या वेळी आपल्या अंगाला थोडं पेट्रोल चिकटवून ठेवतं आणि तेवढं कमी ओततं. एकदा भरायचं, रिकामं करायचं, अर्धा मिनिट उलटं धरून थेंब गळू द्यायचे आणि मग खरी मोजणी सुरू. ओतताना मापाचं तोंड टाकीच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडायला मध्ये जागा राहत नाही. मिस्त्री पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘राम’ म्हणतात. इकडे धानाचा काठा मोजताना तसंच म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पायलीला ‘लाभ’ म्हणतात तसं. राम, दो, तीन. प्रत्येक मापानंतर पेट्रोल आत डुचमळायचं थांबेपर्यंत वाट बघायची, काठी टाकायची, मग काटा वाचायचा. कागदावर तीन रकाने: ओतलेलं, काठीचं, काट्याचं.

ही चढती यादी झाली की खरं काम उरतं ते उतरत्या यादीचं. तळाच्या बोल्टातून पाच-पाच लिटर काढत जायचं आणि तेच रकाने पुन्हा भरायचे. दोन याद्या कधीच जुळत नाहीत. टाकीत एक तरंगता तुकडा असतो, तो एका दांडीच्या टोकाला असतो, दांडी एका सांध्यावर वरखाली होते आणि तिच्या हालचालीनं वीज कमीजास्त होऊन काटा हलतो. त्या सांध्यात थोडा अडेलपणा असतोच. चढताना दांडी जरा मागे रेंगाळते, उतरतानाही रेंगाळते, पण उलट्या बाजूनं. म्हणून तितक्याच पेट्रोलला काटा चढताना एक सांगतो, उतरताना दुसरं. पुस्तकं बहुधा चढती यादी करायला सांगतात, ती सोपीही आहे. पण रस्त्यावर माणूस उतरती यादीच जगत असतो. पंपावरची चार मिनिटं सोडली तर गाडीतलं पेट्रोल कायम कमीच होत असतं. मी डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद उतरत्या यादीचा आहे.

या विजेच्या काट्यांच्या स्वभावातही घराणी आहेत. काही बनावटींत टाकीकडची तार तुटली की काटा जाऊन ‘भरलेलं’वर बसतो, काहींत तीच तार तुटली की ‘रिकामं’ म्हणतो. दोन्ही बनावटी दशकानुदशकं चालल्या. मला दुसरी अधिक प्रामाणिक वाटते. ती घाबरवते, पण रानात नेऊन सोडत नाही.

विजेचा काटा सर्वमान्य होण्याआधी माणसांनी किती सुंदर गोष्टी करून बघितल्या! ‘टी’नंतर आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये टाकी समोरच्या काचेच्या पुढे, बसलेल्यांच्या गुडघ्यांवरच होती. तिच्यातल्या बुचाच्या तरंगत्या तुकड्याला जोडलेले आकडे थेट डॅशबोर्डच्या काचेआड दिसत. मध्ये तार नाही, वीज नाही. आणि मग माझी सगळ्यांत लाडकी युक्ती, किंग-सीली कंपनीची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अनेक अमेरिकन गाड्यांना ती होती, १९३२ ते १९३४च्या फोर्डलाही. पेला पालथा धरून पाण्यात दाबला की आत हवा अडकते; तसा एक पालथा डबा टाकीच्या तळाशी. पेट्रोल जितकं खोल तितका त्या हवेवर दाब. हा दाब एका बारीक नळीतून पुढे डॅशबोर्डपर्यंत जातो आणि काचेच्या नळीतला लाल द्रव वर ढकलतो. हा द्रव पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, पेट्रोलच्या चौपट. त्यामुळे टाकीत वीस सेंटिमीटर पेट्रोल असलं तर डॅशबोर्डवर लाल रेघ पाचच सेंटिमीटर चढते आणि हाताएवढ्या जागेत सगळी टाकी मावते.

या लाल नळीत एक गोष्ट दडली आहे आणि ती रायपूरच्या उन्हात चांगली कळते. पेट्रोल उष्णतेनं फुगतं. दहा अंश तापमान वाढलं की सुमारे एक टक्का. पहाटे पंचवीस अंशांत भरलेले पन्नास लिटर दुपारी पंचेचाळीस अंशांना एकावन्नच्या आसपास होतात. जीप अंगणात नुसती उभी आहे, कोणी थेंबही घातला नाही, आणि काठी वर ओली होते, काटा वर सरकतो. पण इंजिनाला त्यातून एक पावलाचंही जास्त बळ मिळत नाही. वजन तेवढंच आहे. लाल द्रव मात्र दाब मोजत होता, म्हणजे वरच्या थराचं वजन. सरळ भिंतींच्या टाकीत पेट्रोल फुगून उंच झालं तर तेवढंच हलकंही होतं आणि दाब जिथल्या तिथे राहतो. ज्याला लोकांनी किचकट म्हणून सोडलं, त्याला उष्णतेची भूल पडत नव्हती. त्याचं दुखणं वेगळं होतं. हवेच्या नळीला कुठे सूक्ष्म गळती लागली की लाल रेघ खचायची. मग नळी फुंकून साफ करायची, द्रव पुन्हा खालच्या खुणेपर्यंत आणायचा आणि मापं ओतून पहिल्यापासून तपासायची.

काठ्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा समुद्रापलीकडून आला. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, आपल्याकडे चालत होता तो ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. ‘मॉडेल टी’ची दहा गॅलनची टाकी इथल्या हिशेबानं सव्वाआठ गॅलनलाच तुडुंब व्हायची. गाडीसोबत आलेल्या पट्टीवर एक आकडा, पेट्रोलच्या सीलबंद डब्यावर दुसरा, दोन्ही आपापल्या ठिकाणी खरे. पुढे आपल्याकडे १९५६चा मापांचा कायदा आला, १९५८च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली, गॅलन मागे पडला. काकांच्या काठीवरच्या खाचांच्या एका बाजूला गॅलन आहेत, दुसऱ्या बाजूला नंतर पाडलेले लिटर. दुसऱ्या बाजूसाठी त्यांनी गुणाकार केला नाही. टाकी रिकामी करून मापं पुन्हा ओतली. हे मला त्यांच्याबद्दल फार मोठं वाटतं. कागदावरच्या गुणाकारानं जुनी चूक नव्या आकड्यात तशीच आली असती.

जुन्या पेट्रोल पंपांवर काचेच्या दोन बरण्या असत, दांडा मारून एक भरायची, ती गाडीत रिकामी होईपर्यंत दुसरी भरत राहायची. माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. आता पंप बंद पेटीत आहे, आकडे पळतात, पण माप मागायचा हक्क गेलेला नाही. पाच लिटरचं शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर असतं आणि कोणीही गिऱ्हाईक ते भरून दाखवायला सांगू शकतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरच्या आतबाहेरची चूक चालते, त्यापुढची नाही. घनता बघायला हायड्रोमीटर असतो, गाळणकागदाचा तुकडा असतो. जी. ई. रोडवरच्या गर्दीत मागे हॉर्न वाजत असताना कोणी हे मागत नाही. मागावं असं मला कळकळीनं वाटतं. कोणाला चोर ठरवायचं म्हणून मागायला नको. माप वापरात राहिलं पाहिजे, कपाटात पडून राहता कामा नये, म्हणून मागावं. त्या मापामागे केवढी साखळी उभी आहे! निरीक्षकाचं माप, त्यामागे राज्याचं माप, त्यामागे प्रादेशिक प्रयोगशाळा, आणि अगदी शेवटी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. काकांच्या खाचा ज्या मापानं पाडल्या तेही असंच कुठल्यातरी मोठ्या मापाचं लेकरू होतं. साखळीतलं प्रत्येक माप वरच्या मापापुढे उभं राहून आपली चूक मोजून घेतं आणि मगच खालच्याला तपासतं.

सपाट अंगणातली यादी घाटात कामाला येत नाही, हे केशकालनं शिकवलं. वळणावर वळणं, चढ असा की समोर आभाळच दिसतं. पेट्रोल टाकीत मागच्या भिंतीकडे जातं आणि काटा भलतंच बोलू लागतो. घाटात तेलीन सत्तीचं देऊळ आहे, गाड्या तिथे थांबतात, माणसं हात जोडतात. काकाही थांबत. नमस्कार करून झाल्यावर जागा बऱ्यापैकी सपाट बघून काठी टाकत. ‘मॉडेल टी’ची तर याहून बिकट गत होती. तिच्यात पंप नव्हता, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं. टाकी अर्धवट असताना खडा चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा उंच व्हायचं आणि उपाशी राहायचं. मग लोक गाडी वळवून उलटी चढवायचे. आम्ही अंगणात जीपची पुढची चाकं जॅकवर उचलून चढाची वेगळी यादी केली आहे. ती करायला सबंध दिवस जातो. करण्यासारखी आहे.

यंदा काटा त्याच्या जुन्या रीतीनं चुकेनासा झाला. तीच टाकी, तीच काठी, तरी काटा पूर्वीपेक्षा खाली, आणि दर आठवड्याला आणखी खाली. मिस्त्रींनी टाकीतला सांधा बाहेर काढला. तरंगता तुकडा बुचाचा होता, बोटांना चिकट लागत होता. बुचाच्या या तुकड्यांना पूर्वी लाखेचा थर देत, म्हणजे पेट्रोल आत मुरत नाही. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण मद्यार्कात विरघळते. रंगारी तिचं पॉलिश करतात ते तसंच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. थर गेला, बूच भिजून जड झालं, दांडी खाली बसली. कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवरची लाख आमच्या छत्तीसगडच्या रानांचं पीक आहे. धमतरी-कांकेरच्या बाजारांत ती पोत्यांनी येते. जगाला लाख पुरवण्यात भारत आघाडीवर होता, आणि अमेरिकेत बनलेल्या या तुकड्यावर इथल्याच मुलखातली लाख चढून, समुद्र ओलांडून जाऊन, युद्धाच्या गाडीत बसून परत आली असेल, हे अशक्य नाही. मी तो चिकट तुकडा बराच वेळ हातात धरून होतो.

मिस्त्री म्हणाले, नवा थर देऊन उपयोग नाही, पितळेचा पोकळ गोळा बसवू. बसवला. तो बुचापेक्षा वेगळा तरंगतो, किती बुडतो आणि दांडी कुठवर उचलतो ते निराळं, म्हणजे डॅशबोर्डचा कागद गेला. सपाटाची यादी नवी, चढाची नवी, पहाटेची आणि दुपारची वेगळी. काठीवरच्या खाचा मात्र तशाच चालतील, टाकी तीच आहे. थंडी पडली की सुरुवात करायची असं ठरलं आहे. त्याआधी पाच लिटरचं माप एकदा नापतौलच्या कार्यालयात तपासून आणायला हवं. त्याच्या शिक्क्याची मुदत संपत आली आहे.